भयावाचून शील : गोपाळ गणेश आगरकर यांचे जीवन

दरवर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहात नवी मुले दाखल होतात. कोणी सेनगावकडचा, कोणी कळमनुरीचा, कोणी औंढ्याच्या किंवा वसमतच्या बाजूचा. आईवडील ऊसतोडीला अथवा हळदीच्या कामाला जाणारे. मुलाची पत्र्याची पेटी खाली ठेवून ते स्वयंपाकघर पाहतात, झोपण्याची जागा पाहतात आणि शेवटी वंदनेच्या सभागृहात येऊन थबकतात. तेथे तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची प्रतिमा आहे. परंतु नवस बोलावा, कौल मागावा असा देव तेथे नाही. काही वर्षांपूर्वी एका पालकाने अगदी मोकळ्या मनाने आम्हांस विचारले होते की, येथे देवाचा धाक नाही, तर तुमची पाठ वळल्यावर माझा मुलगा चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, याची हमी काय? आम्ही पंचशीलाचे नाव घेतले. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. शील कोणते, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. कोणी पाहत नसताना ते पाळायला लावणारे कोण, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न फार जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इतिहासाचा अभ्यास करताना आम्हांस त्याचे उत्तर एखाद्या ग्रंथापेक्षा एका माणसाच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसले. ते आयुष्य गोपाळ गणेश आगरकर यांचे. ते आपल्या समाजातले नव्हते, बौद्धही नव्हते. तरीही आपल्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र का असावे, हे पुढील मजकुरावरून ध्यानात येईल, अशी आशा आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या लहानशा गावी झाला. घर ब्राह्मणाचे, पण दारिद्र्य पराकोटीचे. जातीने दिलेली प्रतिष्ठा होती. पोटाला मात्र तिचा उपयोग नव्हता. कऱ्हाडला थोडे इंग्रजी शिक्षण झाल्यावर शाळा सुटण्याची वेळ आली. त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले, शिक्षणाची सोय होते का हे पाहण्यासाठी रत्नागिरी गाठून पाहिली. कोठेच जम बसेना. अखेर नातेवाइकांच्या आधाराने हा मुलगा वऱ्हाडात अकोल्याला आला आणि तेथून १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला.

आपल्या हिंगोली स्थानकावरून वाशीममार्गे अकोल्याला गाडी जाते. आपले कितीतरी माजी विद्यार्थी त्या गाडीने शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेले आहेत. परक्या गावी, दुसऱ्याच्या आश्रयाला राहून शिकणे म्हणजे काय असते, हे त्यांना निराळे सांगायला नको. आगरकरांचे अकोल्यातील दिवस वाचताना आपल्या वसतिगृहातील अनेक चेहरे आमच्या डोळ्यांपुढे येतात.

अकोल्याहून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अंगात घालायला एकच सदरा असल्यामुळे तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा, ही त्यांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. लेखन करून, बक्षिसे मिळवून, शिष्यवृत्तीवर भागवून त्यांनी शिक्षण पुरे केले. १८७८ साली ते बी. ए. झाले आणि पुढे इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले. त्या काळात एम. ए. झालेल्या तरुणापुढे सरकारी नोकरीची दारे सताड उघडी असत. गावाकडे आई वाट पाहत होती. अशा वेळी त्यांनी आईला पत्र लिहून कळवले की, मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल अशी आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळेल तेवढ्यावर समाधान मानून उरलेले सारे आयुष्य लोकांच्या हितासाठी वेचण्याचे त्यांनी ठरवले आहे.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. परोपकार केला की पुण्य लागते आणि पुण्याच्या बळावर पुढचा जन्म किंवा स्वर्ग मिळतो, असे मानणाऱ्याने त्याग केला तर त्यात एक प्रकारचा हिशेब असू शकतो. आज सोडलेले उद्या व्याजासह परत मिळणार असते. आगरकरांच्या हिशेबात असा उद्याचा रकानाच नव्हता. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचाराला वळण दिले होते. ईश्वराचे स्वरूप मानवी बुद्धीला आकळणारे नाही आणि म्हणून त्याच्या नावाने माणसांवर हुकूम चालवण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशा निष्कर्षाला ते आले होते. देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उगम पावल्या, याची चिकित्सा त्यांनी पुढे ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात केली. परलोक नाही, पुण्याची शिदोरी नाही, वरून पाहणारा कोणी नाही, आणि तरीही हा तरुण घरच्या दारिद्र्याकडे पाहत श्रीमंतीचा मार्ग सोडतो. आमच्या त्या पालकाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच मिळते.

एम. ए. होताच ते चिपळूणकर व टिळक यांनी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरण उद्भवले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचा आरोप कारभारी बर्वे यांच्यावर पत्रांच्या आधारे करण्यात आला; ती पत्रे बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दिवसांची हकिकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले रूपांतर ‘विकारविलसित’ हेही त्याच काळातील.

या प्रकरणातील एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. खटल्याच्या वेळी या दोघांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. तो मिळवून देण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला आणि त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेट उरवणे जामीन राहिले. याच जोतीरावांची चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त कठोर टवाळी झालेली होती. चिपळूणकरांच्या सहकाऱ्यांसाठी आपला माणूस उभा करताना जोतीरावांनी मागची टवाळी मोजली नाही. अडचणीतला माणूस पाहिला. जोतीराव निर्मिक मानत, आगरकर तेही मानत नसत. दोघांच्या मतांत असे अंतर होते. परंतु कर्मकांड, भट-पुरोहितांची मध्यस्थी आणि ग्रंथप्रामाण्य यांवाचून सदाचार उभा राहतो, याविषयी दोघांची आयुष्ये एकच साक्ष देतात.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आगरकर तेथे शिकवू लागले. इकडे ‘केसरी’त मतभेद वाढत गेले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आगरकरांना जे लिहावेसे वाटे ते सहकाऱ्यांना रुचत नव्हते. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढले. त्याचा इंग्रजी भाग काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. 

‘सुधारका’त आगरकरांनी काय लिहिले? बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींचे शिक्षण, सोवळेओवळे, जातिभेद, श्राद्धपक्ष आणि प्रेतसंस्कार असे एकेक विषय त्यांनी घेतले. प्रत्येक ठिकाणी त्यांची पद्धत एकच असे. ही रूढी कोणत्या ग्रंथात सांगितली आहे, हे ते आधी विचारीत नसत. या रूढीने कोणाला दुःख होते आणि कोणाचे कल्याण होते, एवढेच ते विचारीत. लहान वयात नवरा गेलेल्या मुलीचे डोके भादरले तर त्याने कोणाचे भले होते? नाही तर ते थांबलेच पाहिजे, मग ग्रंथ काहीही सांगोत. रखमाबाईंनी नकळत्या वयात झालेल्या लग्नाचे बंधन नाकारले, तेव्हा आगरकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. एवढ्याशा बदलासाठी पुण्यात केवढे रण माजले! धर्म बुडाला अशी हाकाटी झाली. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली.

त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. पुण्याच्या सनातनी मंडळींनी आगरकर जिवंत असतानाच त्यांच्या प्रतिमेची अंत्ययात्रा काढली. धर्मरक्षण करीत आहोत अशी त्या मंडळींची खात्री होती. त्यांच्या घरी नित्य पूजा होत असेल, एकादशी पाळली जात असेल, देवाचे भयही असेल. त्या भयाने त्यांना दहा वर्षांच्या मुलीची कीव शिकवली नाही आणि एका दमेकरी शिक्षकाच्या दारावरून त्याचे प्रेत मिरवण्यापासूनही रोखले नाही. ज्याला ते धर्महीन म्हणत, त्याने मात्र अपशब्दाला अपशब्दाने उत्तर न देता युक्तिवादाने उत्तर दिले. लेखणी तिखट होती. पण ती नेहमी दुबळ्याच्या बाजूने चालली.

आपल्या वाडवडिलांना हे निराळे पटवून द्यावे लागणार नाही. गावच्या विहिरीवरून त्यांना हुसकणारी माणसे नास्तिक नव्हती. सकाळी स्नान करून, कपाळाला गंध लावून, देवाचे नाव घेऊनच ती विहिरीवर येत. म्हणजे श्रद्धा असली की नीती येतेच, हे खरे नाही. पण न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. श्रद्धा असली की नीती जाते, असेही नाही. आपल्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव. विठ्ठलावर पराकाष्ठेची श्रद्धा असलेल्या या भक्ताने चोखोबांना आपले मानले, आणि मंगळवेढ्यास गावकुसाखाली चिरडून गेलेल्या चोखोबांच्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. यावरून इतकेच निष्पन्न होते की, नीतीचे मूळ श्रद्धेत किंवा अश्रद्धेत शोधणे व्यर्थ आहे. ते अन्यत्र आहे. दुसऱ्याचे दुःख आपल्याला दिसते की नाही आणि दिसल्यावर आपण आपल्या वागण्याचा विचार करतो की नाही, यात ते आहे. आगरकरांची भूमिका सारांशाने हीच होती. माणूस माणसांत राहतो, म्हणून त्याला नीती लागते. ती बुद्धीने तपासता येते, सहानुभूतीने वाढते आणि सवयीने दृढ होते.

घरात ते कसे वागत, हेही पाहिले पाहिजे. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. साऱ्या महाराष्ट्राला रूढी सोडा म्हणून सांगणाऱ्या या माणसाने पत्नीच्या श्रद्धेवर बळजबरी केली नाही. याला काही टीकाकारांनी दुबळेपणा म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. विचार पटवून द्यायचा असतो, लादायचा नसतो, हे तत्त्व घराबाहेर खरे आणि घरात खोटे असे होऊ शकत नाही. ज्याच्या हातात नवरेपणाची सत्ता आहे, त्याने ती न वापरणे ही मोठी कसोटी आहे.

१८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाल्यावर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. वर्ग, कारभार आणि ‘सुधारका’चे लेखन हे सारे ते त्या दुखण्यातच करीत राहिले. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे निधन झाले. मरणाच्या दारात देवाचे नाव सुचतेच, असे लोक म्हणतात. आगरकरांच्या शेवटच्या दिवसांची जी गोष्ट सांगितली जाते ती निराळी आहे. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्या खर्चापुरते पैसे एका पुडीत बांधून ठेवले होते. मृत्यूनंतर आपले काय होईल याची चिंता त्यांना नव्हती. आपल्यामागे दुसऱ्याला तोशीस पडू नये, एवढीच होती. त्यांच्याशी इतका कडवा वाद घातलेल्या टिळकांनाही त्यांचा मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात.

आता एक गोष्ट लपवून ठेवणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. आगरकरांनी जातिभेदाविरुद्ध लिहिले. परंतु त्यांच्या लेखणीचा मुख्य रोख उच्चवर्णीय घरातील स्त्रीच्या दुःखाकडे राहिला. ते दुःख खरेच होते. मात्र जोतीराव-सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, स्वतःच्या घराचा हौद खुला केला, तसे काम आगरकरांच्या आयुष्यात दिसत नाही. पुण्याच्या वाड्यांतून निघालेला तो विचार आमच्या वस्तीपर्यंत चालत आला नाही. तो मराठवाड्यात येणे तर दूरच; येथे निजामाची राजवट होती आणि आमच्या माणसांना अक्षरओळखच दुर्लभ होती.

दुसरी उणीव याहून खोल आहे. आगरकर एकटे होते. ते स्वतः नीतीने जगले, कारण त्यांच्यापाशी असामान्य बुद्धी होती, विद्या होती आणि मनाचा निग्रह होता. परंतु दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाने मिल आणि स्पेन्सर वाचून नीती शोधावी, अशी अपेक्षा कशी करावी? एक माणूस देवावाचून सदाचाराने जगू शकतो, हे आगरकरांनी सिद्ध केले. एक संपूर्ण समाज तसा जगू शकतो काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

तो प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतला. १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केल्यानंतर त्यांनी २१ वर्षे विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या साक्षीने धम्म स्वीकारला. इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते बुद्धाच्या धम्मात नीतीला आहे, हा विचार त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात विस्ताराने मांडला. त्यांच्या मते नीती प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवायची खासगी बाब राहिली तर बलवान माणूस ती वाकवतो. म्हणून ती सर्वांची, सर्वांना सारखी लागू आणि पवित्र मानलेली असली पाहिजे. हे पावित्र्य ईश्वराच्या आज्ञेतून येत नाही. माणसाने माणसाशी मैत्रीने वागल्यावाचून जग चालणार नाही, या जाणिवेतून येते. पंचशील म्हणजे वरून आलेला हुकूम नव्हे. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने, सर्वांसमवेत केलेला तो निश्चय आहे. आगरकरांपाशी विवेक होता, संघ नव्हता. बाबासाहेबांनी विवेकाला संघ दिला.

आरंभी सांगितलेल्या पालकाच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याच वर्षी वसतिगृहात एका मुलाच्या पेटीतून पन्नास रुपये गेले. कोणी पाहिले नव्हते. आम्ही कोणाची झडती घेतली नाही, शपथाही घातल्या नाहीत. ते पैसे त्या मुलाला दिवाळीला घरी जाण्याच्या एसटीच्या भाड्यासाठी आईने दिले होते, एवढे मात्र रात्रीच्या अभ्यासवर्गात सर्वांना सांगितले. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आपण होऊन आमच्या खोलीत आला आणि त्याने नोट टेबलावर ठेवली. का परत आणलीस, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की, तो मुलगा रात्री पांघरुणात रडताना त्याला ऐकू आला होता. हा मुलगा त्याच पालकाचा की दुसऱ्या कोणाचा, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

त्या पालकाला त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर आम्हांस त्या रात्री मिळाले. हमी कोणतीच नाही. देवाच्या धाकानेही ती मिळत नाही. मुलगा कधी चुकेलही. पण दुसऱ्याचे रडणे ऐकू येणारा कान त्याच्या ठिकाणी तयार करता आला, तर कोणी पाहत नसतानाही तो आपल्या चुकीपाशी फार दिवस राहू शकत नाही. असा कान तयार करणे हे शाळेचे काम आहे आणि घराचेही आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि आज संसाराला लागलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलाबाळांच्या बाबतीत हे काम पुढे चालवावे, एवढीच या निमित्ताने आमची अपेक्षा आहे.